हिटलरच्या आधीचा धडा

माझी लेक इंग्लंडमध्ये, लीड्समधल्या एका सरकारी शाळेत नववीला आहे. जानेवारीत तिच्या इतिहासाच्या वहीत एक प्रश्न होता : नाझींनी ज्यूंचाच छळ का केला? तिनं लिहिलं होतं, 'कारण हिटलरला ज्यू आवडत नव्हते.' बाजूला हिरव्या शाईत बरोबरची खूण. त्याखाली, एकूण किती ज्यू मारले गेले? साठ लाख. पुन्हा बरोबरची खूण. मी तिला सहज विचारलं, "आणि त्याला का आवडत नव्हते?" ती जरा थांबून म्हणाली, "जर्मनीत ते खूप होते ना? आणि श्रीमंत होते." हे तिला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. धड्यात जी जागा रिकामी राहिली, ती तिनं कुठूनतरी कानावर पडलेल्या गोष्टीनं भरून टाकली होती. १९३३ साली जर्मनीत ज्यू होते सव्वापाच लाखांच्या आसपास, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्काही नाहीत. आणि 'ते सगळे श्रीमंत' ही गोष्ट तर त्यांना मारणारेच शेकडो वर्षं सांगत आलेत. होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा, धडा शिकून माझी मुलगी मारणाऱ्यांचंच म्हणणं अर्धंमुर्धं घेऊन घरी आली होती, आणि तिला पूर्ण मार्क मिळाले होते.

त्याच आठवड्यात आमच्या इथल्या मराठी पालकांच्या ग्रुपवर वाद पेटला. २७ जानेवारी १९४५ ला सोव्हिएत सैन्य आउशवित्झच्या छावणीत पोचलं, म्हणून हा दिवस ब्रिटनमध्ये होलोकॉस्ट स्मृतिदिन म्हणून पाळतात. दर वर्षी तो आला की हा वाद येतोच, पण २०२३ च्या ऑक्टोबरात गाझाचं युद्ध सुरू झाल्यापासून त्याला धार चढली आहे. हा दिवस पाळणाऱ्या शाळा घटल्या आहेत. दुसरीकडे, २०२४ च्या सप्टेंबरात पंतप्रधान कीर स्टार्मर यांनी सांगितलं की हा विषय अभ्यासक्रमात राहणारच, आणि ज्या शाळांना अभ्यासक्रमातून सूट आहे त्यांनाही तो लागू होईल. ग्रुपवर एका बाजूचं म्हणणं, बरं झालं, जितकं जास्त शिकवाल तितका द्वेष कमी होईल. दुसरी बाजू विचारते, यांच्याच दुःखाला एवढं आसन का? आमच्या बंगालच्या दुष्काळाची एक ओळ तरी आहे का पुस्तकात? वर्तमानपत्रांतही थोड्याफार फरकानं हेच चालू आहे. किती शिकवायचं यावर सगळे हमरीतुमरीवर येतात, पण काय शिकवायचं याबद्दल कुणी बोलत नाही.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. होलोकॉस्ट प्रत्येक शाळेत शिकवलाच पाहिजे, सक्तीनं शिकवला पाहिजे. पण त्याआधीचा जवळजवळ हजार वर्षांचा ज्यूद्वेषाचा इतिहास गाळून तो शिकवणार असाल, तर मुलांच्या हाती एका माथेफिरूची गोष्ट पडते. माथेफिरू मेला, गोष्ट संपली. इंग्लंडमध्ये आज नेमकं हेच होतंय.

हे मी एका वहीवरून म्हणत नाही. इंग्लंडच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात हा विषय १९९१ पासून आहे, आणि अकरा ते चौदा वयोगटाच्या इतिहासात नाव घेऊन सक्तीचा केलेला हा एकमेव विषय आहे. एवढ्या वर्षांनी मुलांना काय समजतं, हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या होलोकॉस्ट शिक्षण केंद्रानं सुमारे आठ हजार शाळकरी मुलांना विचारून तपासलं. २०१६ साली निष्कर्ष आले. 'ॲन्टिसेमिटिझम' (ज्यूद्वेष) म्हणजे काय, हे ६८ टक्के मुलांना सांगता आलं नाही. आउशवित्झ ठाऊक, हिटलर ठाऊक, गॅस चेंबर ठाऊक. ज्या गोष्टीमुळे हे घडलं तिचं नाव मात्र ठाऊक नाही. १९३३ साली जर्मनीच्या लोकसंख्येत ज्यू किती, याचे अंदाजही माझ्या लेकीसारखेच, खऱ्याच्या कित्येक पट. मारले गेलेले बहुतेक जर्मन ज्यू असणार, असंही पुष्कळांना वाटतं. प्रत्यक्षात एकट्या पोलंडच्या ३३ लाख ज्यूंपैकी ३० लाख संपले. आणि सगळे काही छावण्यांत मेले नाहीत. कीव्हजवळच्या बाबी यारच्या घळीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ माणसांना गोळ्या घातल्या. हा आकडा मारणाऱ्यांनीच आपल्या अहवालात नोंदवून ठेवला आहे.

मग सुरुवात कुठून करायची? मी म्हणते, यॉर्कपासून करा. लीड्सहून रेल्वेनं अर्धा तास. गावाच्या मध्यावर एक उंच हिरवी टेकडी, वर क्लिफर्ड्स टॉवर नावाचा दगडी बुरूज. मार्चमध्ये टेकडीच्या चारी अंगांना डॅफोडिल्स फुलतात, पिवळीधमक, सहा पाकळ्यांची. लोक पायऱ्यांवर बसून फोटो काढतात. पायथ्याशी एक पाटी आहे, ती बहुतेकांच्या नजरेतून सुटते. आता दिसतो तो बुरूज नंतरचा. ११९० साली तिथं लाकडी बुरूज होता. १६ मार्चच्या रात्री यॉर्कचे सुमारे दीडशे ज्यू, बायकामुलांसकट, राजाच्या किल्ल्यात आसरा मिळेल म्हणून त्या बुरुजात शिरले होते. खाली जमाव. धर्म सोडा नाहीतर मरा. बहुतेकांनी एकमेकांच्या हातून मरण पत्करलं. जे थोडे जीवदानाच्या वचनावर विश्वास ठेवून सकाळी बाहेर आले, त्यांना तिथंच कापून काढलं. चिथावणी देणाऱ्यांत रिचर्ड मॅलेबिस नावाचा सरदार पुढे होता, त्याचं नाव पाटीवरही आहे. हा मॅलेबिस ज्यू सावकारांचं देणं लागत होता. आणि कत्तल उरकल्यावर जमाव घरी गेला नाही. तो गेला यॉर्कच्या मोठ्या चर्चमध्ये. तिथं कर्जरोखे ठेवलेले होते. ते बाहेर काढून चर्चच्या आतच त्यांची होळी केली.

रोख्यांची होळी म्हटलं की मराठी माणसाला सुपे आठवलं पाहिजे. १२ मे १८७५, पुणे जिल्हा, भीमथडी तालुका. बाजारच्या दिवशी शेतकरी जमले आणि त्यांनी सावकारांची दुकानं, वह्या, खतं जाळली. पुढं ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. आपण शाळेत त्याला 'दख्खनचे दंगे' म्हणून शिकलो. माझे आजोबा त्या बाजूचे, त्यामुळे ही गोष्ट मी पुस्तकाआधी घरात ऐकली, आणि ती नेहमी शेतकऱ्याच्या बाजूनं ऐकली. आजही मी त्याच बाजूची आहे. मग यॉर्कचा जमाव आणि सुप्याचा जमाव यांत फरक काय? पहिला फरक डोळ्यांत भरणारा आहे : सुप्याच्या लोकांना कागद हवे होते, आणि ज्यानं ते मुकाट्यानं काढून दिले त्याला बहुतेक ठिकाणी कुणी हात लावला नाही. यॉर्कमध्ये आधी माणसं मारली, मग कागद. सुप्याला सावकार हा धंदा करणारा माणूस होता. यॉर्कला अख्खी जमात, तिची तान्ही पोरं धरून, सावकार ठरली होती. पण एक साम्यही आहे आणि तेच मुलांना दाखवायला हवं. दख्खनच्या शेतकऱ्याच्या मानेवरचा खरा बोजा वाढवलेल्या सरकारी साऱ्याचा होता, आणि समोर दिसत होता तो सावकार. त्यातही गावच्या सावकारापेक्षा बाहेरून आलेल्या मारवाडी आणि गुजर सावकारांवर रोख जास्त. इंग्लंडमध्ये ज्यूंना जमीन धरणं अवघड, कारागिरांच्या संघांत त्यांना जागा नाही, आणि व्याज घेणं ख्रिश्चनांना धर्मानं निषिद्ध. म्हणून तो धंदा ज्यूंच्या गळ्यात आला. त्यांच्यावर मन मानेल तसा कर बसवून राजा त्यातला मलिदा काढून घ्यायचा. वसुलीचा राग ज्यूच्या दारात, पैसा राजाच्या खजिन्यात. ही यंत्रणा तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला अर्ध्या तासात समजते. आणि एकदा समजली की 'ते श्रीमंत होते म्हणून' हे उत्तर त्याच्या तोंडून निघत नाही.

यॉर्कनंतर पंचाऐंशी वर्षांनी, १२७५ साली, पहिल्या एडवर्डनं कायदा केला : सात वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूनं वरच्या कपड्यावर पिवळ्या नमद्याचा तुकडा लावायचा, सहा इंच लांब, तीन इंच रुंद, दहा आज्ञा कोरलेल्या मोझेसच्या जोडपाट्यांच्या आकाराचा. १९४१ च्या सप्टेंबरात जर्मनीत हुकूम निघाला : सहा वर्षांवरच्या प्रत्येक ज्यूनं छातीवर पिवळा तारा शिवायचा. हे दोन कागद शेजारीशेजारी ठेवून मुलांना नुसते वाचायला द्या. पिवळा रंग हिटलरला स्वप्नात दिसला नव्हता. कॅथलिक चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेनं १२१५ सालीच ठरवलं होतं की ज्यूंनी पोशाखावरून ओळखू यायला हवं. लहान मुलाच्या रक्तासाठी ज्यू खून करतात ही भयंकर थाप इंग्लंडच्याच मातीत वाढली. ११४४ साली नॉरिचमध्ये सापडलेल्या एका मुलाच्या प्रेतावरून ज्यूंवर आळ आला आणि त्यातून या कहाण्यांची परंपरा सुरू झाली. १२५५ साली लिंकनमध्ये तशाच एका आरोपावरून अठरा-एकोणीस ज्यूंना फाशी दिली. लिंकनच्या कॅथीड्रलमध्ये आज त्या जागी, ही कथा खोटी होती, असं सांगणारा फलक आहे. १२९० मध्ये एडवर्डनं उरलेल्या सगळ्या ज्यूंना देशाबाहेर काढलं. १६५६ पर्यंत, म्हणजे ३६६ वर्षं, इंग्लंडमध्ये ज्यूंना उघडपणे राहता येत नव्हतं. एका देशातून अख्खी जमात हाकलणारा हा युरोपातला पहिला मोठा हुकूम मानतात. स्पेननं तेच केलं १४९२ साली. हे सगळं ज्या देशात घडलं, त्या देशातल्या मुलांना आपण सांगतो की ज्यूद्वेष १९३३ साली बर्लिनमध्ये जन्मला?

आता या मागणीवरचा सर्वांत भक्कम आक्षेप घेते. तो आमच्या ग्रुपवरच्या एका शिक्षकमित्रानं घेतला आणि मला दोन दिवस उत्तर सुचलं नाही. तो म्हणाला, जुन्या थापा वर्गात मांडणं म्हणजे त्या पुन्हा पेरणं. ज्या मुलानं रक्ताची गोष्ट कधी ऐकली नव्हती, त्याला तू ती ऐकवणार. शिवाय हजार वर्षं लोक द्वेष करत आले असं सांगितलंस, तर पोरगं म्हणणार, एवढे सगळे उगीच करतील का, काहीतरी असणारच. यात तथ्य आहे. मध्ययुगातला धर्माचा द्वेष आणि नाझींचा वंशाचा द्वेष एक नव्हे, हेही त्यानं बजावलं, आणि तेही बरोबर. धर्म बदलला तर मध्ययुगातला ज्यू निदान तत्त्वतः वाचत होता. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी आजी-आजोबा मोजले, त्यात बाप्तिस्मा झालेला नातूही सापडला. सरळ रेघ ओढून यॉर्कहून आउशवित्झला जाता येत नाही.

तरीही मी मागणी सोडत नाही. थापा पेरण्याचं म्हणाल, तर त्या मुलांच्या फोनवर आधीच आहेत, फक्त तिथं शिक्षक नाही. माझ्या मुलीनं 'श्रीमंत होते' हे कुठून आणलं? थाप झाकून ठेवण्यापेक्षा ती कशी बनली ते उलगडून दाखवणं जास्त उपयोगाचं, आणि त्यासाठी इतिहासानं एक तयार धडा ठेवला आहे. ज्यूंचे वडीलधारे एकत्र बसून जगावर ताबा मिळवायचे बेत आखतात, अशी एक बनावट 'इतिवृत्तं' १९०३ साली रशियात छापली गेली आणि पुढं जगभर पसरली. १९२१ साली लंडनच्या टाइम्सचे बातमीदार फिलिप ग्रेव्ह्ज यांनी ती उघडी पाडली. त्यांनी केलं काय, तर तिसऱ्या नेपोलियनवर टीका करणारं, ज्यूंशी काडीचाही संबंध नसलेलं एक जुनं फ्रेंच पुस्तक घेतलं आणि दोन्ही मजकूर समोरासमोर छापले. उताऱ्यामागून उतारा उचललेला. नववीच्या वर्गाला हाच उद्योग करायला द्या. मुलं कॉपी पकडण्यात तरबेज असतात. पण त्यांना हेही सांगावं लागेल की ग्रेव्ह्जनी पुरावा दिल्यावरही माणसांनी विश्वास ठेवणं सोडलं नाही, आणि बारा वर्षांनी तेच बाड जर्मनीतल्या शाळांत वाचलं जाऊ लागलं.

राहिला 'काहीतरी असणारच' हा प्रश्न. त्याचं उत्तर, जिथं द्वेष झाला नाही त्या जागा दाखवणं. १९४३ च्या ऑक्टोबरात डेन्मार्कच्या लोकांनी सात हजारांवर ज्यूंना मासेमारीच्या होड्यांतून स्वीडनला पोचवलं. आणि आपल्याला तर त्यासाठी उत्तरेला जायचीही गरज नाही. अलिबागजवळ नवगावला किनाऱ्याला लागलेल्या बेने इस्राएल ज्यूंची पिढ्यान् पिढ्यांची गोष्ट काय आहे? घाण्यावर तेल काढायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावानं त्यांना शनिवार तेली म्हटलं. गावावरून आडनावं घेतली, किहीमकर, पेणकर, रोहेकर. मराठीत कीर्तनं रचली. १७९६ साली मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनागृह, बांधलं. इस्रायलला गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं. इथं ना बिल्ला लागला, ना बुरूज पेटला. माणसं तीच, प्रार्थना तीच. म्हणजे द्वेषाचं कारण ज्यूंच्या अंगात नव्हतं, ते शोधायचं तर द्वेष करणाऱ्यांच्या चर्चमध्ये, खजिन्यात आणि कायद्यात शोधावं लागतं. लीड्समधल्या इंग्रज मुलांना कोकणाची ही गोष्ट माझ्यासारख्या पालकानं वर्गात जाऊन सांगावी, असं मला फार वाटतं.

मात्र ही गोष्ट सांगताना आपण छाती फुगवतो, ती नको. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोह्यांना शोधून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, आलं. गार्सिया द ओर्ता हा ज्यू वंशाचा पोर्तुगीज वैद्य, अहमदनगरच्या निजामशहाच्या दरबारात ऊठबस असलेला, भारतातल्या औषधी वनस्पतींवर पहिलं मोठं युरोपीय पुस्तक लिहिणारा. तो १५६८ ला गेला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळलं, आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून जाळली. राज्य पोर्तुगिजांचं होतं, खरं. पण राख आपल्याच मातीत मिसळली. आज पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, तिथं बसणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असतं? आणि आजचं काय? पुण्याला गेले की फुटपाथवर व्यवस्थापनाच्या आणि यशस्वी होण्याच्या पुस्तकांशेजारी हिटलरचं आत्मचरित्र दिसतं, मराठीतही मिळतं. २००६ साली नवी मुंबईत हिटलरचं नाव आणि स्वस्तिकाची सजावट घेऊन एक उपाहारगृह उघडलं होतं. मुंबईच्या ज्यू समाजानं विरोध केल्यावर नाव बदललं. 'शिस्तीचा माणूस होता' हे वाक्य मी स्वतःच्या नात्यातल्या, शिकल्यासवरल्या माणसांकडून ऐकलं आहे. ती दुष्ट माणसं नाहीत. त्यांना शाळेत हिटलर भेटला तो युद्धाच्या धड्यात, आघाड्या, तह आणि तारखांमध्ये. कत्तल झाली असेल एका ओळीत. द्वेष तर तेवढाही नाही.

बंगालच्या दुष्काळाकडे येते, कारण तो प्रश्न टाळण्यासारखा नाही. १९४३ साली ब्रिटिश राज्यात सुमारे तीस लाख माणसं उपाशी मेली, आणि ज्या देशाचं ते राज्य होतं तिथलं मूल शाळा संपवून बाहेर पडतं तरी त्याला हे कळत नाही. हे चूक आहे. ते अभ्यासक्रमात यायलाच हवं, आणि त्यासाठी मी सही करायला तयार आहे. पण 'आमचं नाही म्हणून त्यांचंही नको' हा कुठला न्याय? एका मयताच्या घरी जाऊन, आमच्याकडेही गेल्या वर्षी माणूस गेला होता, तेव्हा तुम्ही आला नव्हता, असं कुणी म्हणतं का? होलोकॉस्ट वेगळा शिकवायचा तो दुःख जास्त म्हणून नव्हे. बंगालमध्ये सत्तेला ती माणसं जगली काय नि मेली काय, सारखंच होतं. नाझी सत्तेला ज्यूंच्या जमातीतलं एकही मूल, कुठल्याही देशात, जगायला नको होतं, आणि त्यासाठी कारकून, रेल्वेचं वेळापत्रक, डॉक्टर, वकील सगळे कामाला लागले. २० जानेवारी १९४२ ला बर्लिनच्या वानझे सरोवराकाठच्या बंगल्यात पंधरा अधिकारी दीडेक तास बसले आणि युरोपभरच्या ज्यूंच्या संहाराची विभागवार आखणी करून उठले. त्यांतले निम्म्याहून अधिक डॉक्टरेट मिळवलेले होते. शिक्षण माणसाला शहाणं करतं असं ज्या समाजाला मनापासून वाटतं, त्यानं हे मुलांना सांगायला नको का?

शिवाय एक अन्याय नीट अभ्यासला की दुसरा दिसायला लागतो, झाकला जात नाही. राफाएल लेमकिन हा पोलंडचा ज्यू वकील. विद्यार्थी असताना १९१५ च्या आर्मेनियन कत्तलीनं तो अस्वस्थ झाला : एक माणूस मारला तर खटला होतो, आणि राज्यकर्त्यानं अख्खी जमात मारली तर कुठलाच कायदा नाही? १९४४ साली त्यानं 'जेनोसाइड' हा शब्द घडवला, १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांत त्यावर करार झाला. दरम्यान त्याच्या स्वतःच्या घरची ४९ माणसं होलोकॉस्टमध्ये गेली होती. आर्मेनियनांच्या दुःखानं ज्यू वकिलाला शब्द दिला, आणि तोच शब्द पुढं रवांडासाठी वापरला गेला. आपल्याकडे डॉ. आंबेडकरांनी चाळीसच्या दशकातच नाझींचा ज्यूद्वेष आणि अस्पृश्यांकडे बघण्याची सनातनी दृष्टी शेजारी ठेवून दाखवली होती. कुणाचं दुःख मोठं, हे ठरवायला ते ही तुलना करत नव्हते. जर्मनीत काय चाललंय ते ऐकून हळहळणाऱ्या माणसाला ते त्याच्या गावाबाहेरची वस्ती दाखवत होते.

गाझाबद्दल बोलल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही. फोनवर गाझातली मेलेली मुलं बघून आलेलं पोर वर्गात हात वर करून विचारतं, 'मग हे काय?' ते पोर ज्यूद्वेष्टं नाही. त्याला गप्प बसवणारा शिक्षक चुकतो. होलोकॉस्टची आठवण कुठल्याही सरकारच्या बचावासाठी ढाल म्हणून पुढं करणं मला मान्य नाही, मृतांचा त्यात अपमान आहे. पण त्याच वर्गात एखादी ज्यू मुलगी बसली असेल, लीड्समध्ये तर हमखास असते, तिला वळून कुणी विचारलं, 'तुम्ही लोक असं का करता?', तर तो यॉर्कचाच प्रश्न झाला. एकाचं देणं सगळ्यांच्या नावावर. २ ऑक्टोबर २०२५ ला मँचेस्टरमध्ये, ज्यूंच्या वर्षातल्या सर्वांत पवित्र दिवशी, सिनेगॉगवर हल्ला होऊन दोन माणसं गेली. ती प्रार्थनेला आलेली माणसं होती. अशा वेळी 'विषय नाजूक आहे, यंदा राहू द्या' म्हणणाऱ्या शाळा कुणाचं भलं करतात?

इंग्लंडच्या धड्यात आणखी एक गोष्ट मला खटकते. मुलांना दोनच इंग्रज भेटतात : बेर्गन-बेल्सनची छावणी मुक्त करणारा सैनिक आणि किंडरट्रान्सपोर्टच्या, म्हणजे ज्यू मुलांना ब्रिटनला आणणाऱ्या, गाडीतून उतरणाऱ्या मुलाचा हात धरणारी बाई. दोघंही खरे, दोघंही थोर. १९३८-३९ मध्ये सुमारे दहा हजार मुलं या देशानं घेतली. पण आईबापांना सोबत येऊ दिलं नाही, आणि बहुतेक मुलांना ते पुन्हा दिसले नाहीत. १९३८ च्या जुलैत फ्रान्समधल्या एव्हियांला ३२ देश निर्वासितांच्या प्रश्नावर जमले, सहानुभूतीची भाषणं झाली, आणि दारं जवळपास सगळ्यांनी बंदच ठेवली. आणि गर्न्सी? चॅनेलमधलं हे ब्रिटिश बेट १९४० मध्ये जर्मनांच्या ताब्यात गेलं. ज्यूंची नोंद करण्याचे हुकूम आले, आणि नोंद केली बेटावरच्याच अधिकाऱ्यांनी, त्यांच्या नेहमीच्या वळणदार अक्षरात. तिथल्या न्यायसभेत सर अब्राहम लेने या एकाच सदस्यानं उघडपणे संमती नाकारली. १९४२ च्या एप्रिलमध्ये तीन ज्यू स्त्रियांना बेटावरून फ्रान्सला नेलं, आणि तिथून आउशवित्झला. त्या परत आल्या नाहीत. वर्गातल्या एखाद्या मुलाला विचारून बघा, तू त्या कचेरीत कारकून असतास तर काय केलं असतंस? हिटलर असतास तर काय केलं असतंस, हे कुणी विचारत नाही, कारण कुणीच हिटलर होणार नसतो. कारकून मात्र आपल्यातले बरेच जण होतात.

प्रेतांचे ढीग दाखवायचे की नाही, यावर मी फार बोलणार नाही. तेराव्या वर्षी नको. ती माणसं कुणाच्या घरची होती, त्यांचा चेहरा आपल्याला दाखवायला त्यांनी संमती दिली होती का, हा विचार आधी व्हावा. त्यापेक्षा त्यांचं लग्न, दुकान, शाळेचा वर्गफोटो दाखवा. आणि आज इंग्लंड-वेल्समध्ये २ लाख ७१ हजार ज्यू राहतात, हेही सांगा. पुष्कळ मुलांना ज्यू म्हणजे पुस्तकातली मेलेली माणसं एवढंच ठाऊक असतं.

वेळ कुठून आणायचा, असं शिक्षक विचारतात. त्यांची अडचण खरी आहे. आमच्या शाळेत या विषयाला सहा तास आहेत, सगळे वर्गात, पहिल्याच तासाला १९३३. मी शाळेला पत्र लिहिलं आहे. नवे तास मागितलेले नाहीत. पहिला तास १६ मार्चच्या आसपास यॉर्कला, टेकडीच्या पायथ्याशी त्या पाटीसमोर घ्यावा, दुसऱ्या तासाला १२७५ आणि १९४१ चे हुकूम मुलांच्या हातात द्यावेत, आणि तिसऱ्या तासाला बर्लिनला जावं, एवढंच म्हटलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. लेकीला मात्र गेल्या रविवारी मी घेऊन गेले. तिनं पाटी दोनदा वाचली, मग टेकडीवर न चढता रस्ता ओलांडून म्हणाली, ते कागद जाळलेलं चर्च कुठंय ते आधी दाखव.